चेंडू काही खात नाही

भाग्येश गेला आणि त्याचे दोन साप चेतनाच्या पदरात पडले.

म्हसावदच्या त्या घराला मागच्या अंगणात एक पत्र्याची खोली होती. पूर्वी तिथं ढेप आणि सरकीची पोती असत. भाग्येशनं लग्नाआधीच ती रिकामी करून घेतली, आतून थर्माकोल मारला, वीज नेली आणि भिंतीला लावून दोन काचेच्या पेट्या ठेवल्या. एका पेटीत मिरची, करंगळीएवढी जाड, लालभडक आणि भारी चपळ. दुसऱ्या पेटीत चेंडू. तो आफ्रिकेकडच्या एका बुटक्या जातीचा अजगर, काळ्या अंगावर मधासारखे डाग असलेला. जरा घाबरला की डोकं मध्ये घेऊन असा घट्ट गोळा व्हायचा की खरोखर चेंडूच वाटायचा. दोन्ही बिनविषारी, परदेशी, वनखात्याकडे रीतसर नोंदवलेले.

भाग्येश शहाद्याला ठिबक सिंचनाच्या दुकानात नोकरीला होता, पण पंचक्रोशी त्याला ओळखायची ती साप पकडणारा म्हणून. कुणाच्या घरात साप निघाला की फोन यायचा, आणि हा हातातलं काम टाकून निघायचा. स्वतःच्या सापांच्या खाण्यापिण्याबद्दल तो फार काटेकोर होता. पांढरे उंदीर घरीच वाढवायचा. नवापूरकडच्या हॅचरीतून टाकून दिलेली कोंबडीची नर पिल्लं आणायचा, शहाद्याच्या एका पोल्ट्रीवाल्याकडून बटेर, लाव्यासारखे पाळीव पक्षी. सगळं मारून, पिशव्यांत भरून छोट्या फ्रीजरमध्ये ठेवायचा आणि लागेल तसं कोमट पाण्यात भिजवून चिमट्यानं द्यायचा. एकदा उंदीर, एकदा पिल्लू, मधूनच बटेर.

"एकच एक दिलं तर काय होतं?" चेतनानं नवी नवरी असताना विचारलं होतं.

"तुला रोज नुसती खिचडी घातली तर?" तो म्हणाला होता. "आणि सापाला एकाच चवीची सवय लागली ना, की पुढं ते मिळालं नाही तर उपाशी राहील पण दुसऱ्याला तोंड लावणार नाही. हट्टी जात आहे. माझ्यासारखी."

त्याच्या आईला, मंगलाबाईंना, यातलं काहीच सहन होत नसे. त्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं. मंगलाबाई पहाटे उठून देवघर सारवल्याशिवाय चहा घेत नसत. मागच्या खोलीकडे त्या फिरकतही नसत, आणि भाग्येश तिथून आला की आंघोळ केल्याशिवाय त्याला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू देत नसत.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. भाग्येश खोलीतून आला आणि तसाच पाटावर बसला. धडगावकडून फोन आला होता, घाईत होता.

"उठ तठून," मंगलाबाई म्हणाल्या. "उंदीरस्ना वास येस तुन्हा अंगले. आंघोळ करीसन ये, मंगच ताट."

"माय, उशीर होई ऱ्हायना. दे पटकन."

"नई म्हणजे नई."

तो हसला. हट्टाला हट्ट. गाडीला किक मारली आणि जेवण न करताच निघून गेला. संध्याकाळी घाटात, उतारावरच्या खडीवरून गाडी घसरली. डाव्या कुशीवर कठड्याच्या दगडावर पडला. लोकांनी धडगावच्या दवाखान्यात पोहोचवला तेव्हा सगळं संपलेलं होतं.

दहाव्याला प्रकाशा गावी तापीच्या घाटावर पिंड ठेवले. शेवभाजी, कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, जे जे त्याला आवडायचं ते सगळं पानावर होतं. समोरच्या निंबावर कावळे ओळीनं बसले होते. एकही खाली उतरला नाही. भाग्येशच्या वडिलांनी, नथ्थूबापूंनी, हात जोडून म्हटलं, चेतनाले आम्ही पोरीसारखी सांभाळसूत. कावळे हलले नाहीत. चेतनानं सापांना सांभाळीन असं मनातल्या मनात म्हटलं. तरी नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे नदीवरून परत फिरले. वाटेत मंगलाबाई एकच वाक्य बोलल्या.

"उपाशी गया मन्हा पोऱ्या."

त्या रडल्या नाहीत. पुढंही कितीतरी दिवस नाही.

चेतना गावातल्याच शाळेत शिकवायची, सकाळची शाळा. दुपारी घरी आली की ती मागच्या खोलीत जायची. पेट्यांतलं पाणी बदलायची, कागद बदलायची, खालच्या गरम पट्ट्या चालू आहेत का बघायची. भाग्येशच्या बरोबर उभं राहून तिनं हे शंभरदा पाहिलं होतं, पण चिमटा आज पहिल्यांदाच तिच्या हातात होता. मिरचीनं उंदीर झटक्यात ओढून घेतला. चेंडूसमोर धरला तर त्यानं डोकं मागे घेतलं आणि हळूहळू गोळा झाला.

पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच.

भाग्येशचा एक मित्र होता इंद्रसिंग, मूळचा तळोद्याचा, आता सुरतेत राहायचा. त्याच्याकडेही असे साप होते. चेतनानं त्याला फोन केला.

"वहिनी, थंडीचे दिवस आहेत. हे अजगर थंडीत दोन-तीन महिने तोंड मिटून बसतात," तो म्हणाला. "अंग खंगत नाही ना? मग बसू द्या. पिल्लू देऊन बघा, बटेर देऊन बघा. बदल केला की कधीकधी घेतात."

चेतनानं फोन ठेवला तेव्हा मंगलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"कोण काही खास नई?"

"चेंडू, आत्या. तो साप खात नाहीये. थंडीमुळे असेल."

"कधीपासून?"

चेतना म्हणाली, "ते गेल्यापासून."

दुसऱ्या दिवशी चेतना शाळेतून आली तर मागच्या खोलीचं दार उघडं होतं. आत भिंतीला भाग्येशचा हार घातलेला फोटो टांगला होता. फोटोखाली उदबत्त्यांचा जुडगा जळत होता, मातीच्या धुपाटण्यात ऊद धुमसत होता आणि मंगलाबाई चेंडूच्या पेटीसमोर पाटावर बसल्या होत्या. ज्या खोलीचा वास त्यांना सहन होत नव्हता, तिथं.

"देख," त्या म्हणाल्या, "माले देखी ऱ्हायना."

चेंडूचं डोकं गोळ्यातून बाहेर आलं होतं. काचेपलीकडून तो खरंच त्यांच्या दिशेनं बघत होता. जीभ एकदा बाहेर आली, आत गेली. चेतनाच्या मनात आलं, धुरामुळे असेल.

त्या दिवसापासून टळटळीत दुपारी, गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नसे अशा वेळी, मंगलाबाई त्या खोलीत जाऊन बसू लागल्या. चेतना ओट्यावर वह्या तपासत बसायची. पत्र्याच्या भिंतीतून आवाज यायचा.

"आज काय खासी? ... बरं. ... ते नको? मंग पिल्लू लई येवू?"

प्रत्येक प्रश्नानंतर त्या थांबायच्या. उत्तर द्यायला माणसाला जेवढा वेळ लागेल तेवढंच. मग "बरं" म्हणायच्या. चेतनाचा हात वहीवर थांबायचा. त्या थांबण्यात आपणही कान देतोय हे तिच्या लक्षात यायला बरेच दिवस लागले.

नथ्थूबापूंना तिनं एकदा सांगितलं. ते पपईच्या बागेतून येऊन हातपाय धूत होते. "तिले करू दे," ते म्हणाले. "रडस नई, झोपस नई. काहीतरी करी ऱ्हायनी, एवढं पुष्कळ."

आणि मंगलाबाई करत होत्या ते बघून गावाला नवल वाटत होतं. अंड्याचा ट्रे दिसला तरी रस्ता बदलणारी बाई शहाद्याला जाऊन बटेर घेऊन आली. तिथं पोल्ट्रीवाल्याला म्हणाली, ह्या नको, बारीक दे, त्याले मोठा घास जास नई. लहानपणी भाग्येशला मोठा घास जात नसे. घरी आणून ती मेलेली बटेर स्वतःच्या हातानं कोमट पाण्यात भिजवली, पिसं फुंकून कोरडी केली आणि चेतनाला म्हणाली, "धर चिमटा." चेतनानं धरला. चेंडूनं मान वळवली.

मग उंदरांची लहान पिल्लं दिली. चेंडूनं ढुंकूनही पाहिलं नाही. मग हॅचरीची पिल्लं. मग एकदा बाजारातून गुलाबी रंगवलेलं जिवंत पिल्लू आणलं, कारण पाच वर्षांचा असताना भाग्येश तसल्याच पिल्लासाठी बाजारात लोळण घालून रडला होता आणि तेव्हा त्याला ते घेऊन दिलं नव्हतं. ते पिल्लू चेतनानं पेटीत टाकू दिलं नाही, पण मंगलाबाईंनी ते हातात धरून काचेसमोर कितीतरी वेळ दाखवलं. "हाई देख. गुलाबी. तुले पाहिजे व्हतं ना?"

चेंडू पाठ करून बसला होता.

"राग शे त्याना," मंगलाबाई उठताना म्हणाल्या. "मन्हावर राग शे."

"आत्या, तो साप आहे."

"तुले माहीत नई." त्यांनी चेतनाकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोळ्यांत वेड नव्हतं, हेच चेतनाला जास्त भीतीचं वाटलं. "कावळा खास नई, हाऊ बी खास नई. दोन्ही एकच दिनपासून. उपाशी गयेल माणूस कोठे जाई? त्यानं जठे जीव लावा तठेच जाई ना."

त्या रात्री चेतनाला झोप लागली नाही. मंगलाबाई म्हणत होत्या ते खोटं, हे ती पोरांना विज्ञान शिकवते म्हणून तिला माहीत होतं. पण चेंडू तिच्या हातून खात नाही, मिरची मात्र खाते, हे तिला खुपत होतं. भाग्येश रुसला की असाच पाठ करून झोपायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी मंगलाबाई खोलीत बोलत असताना ती पत्र्याला पाठ लावून बाहेर उभी राहिली. आतून चिमटा काचेवर वाजल्यासारखा टक टक आवाज आला. भाग्येश खायला देण्याआधी तसाच वाजवायचा, सापाला इशारा म्हणून. चेतनानं दार ढकललं. मंगलाबाई पाटावर होत्या, हात मांडीवर. चिमटा खुंटीला होता. चेंडू गोळा होऊन पडला होता, आणि धुरानं खोली पांढरी झाली होती.

"काय वं?" मंगलाबाई म्हणाल्या.

"काही नाही," चेतना म्हणाली आणि बाहेर आली.

पौष संपत आला. चेंडूच्या पाठीचा कणा आता हाताला लागू लागला. मंगलाबाईंनी स्वतःचं एक वेळचं जेवण सोडलं होतं. त्यांच्या डोक्यात आता नवीनच आलं, की मेलेलं अन्न तो घेणार नाही. "जिता माणूस मेलेलं काय खाई? त्याले जितं पाहिजे."

भाग्येशनं ही एक गोष्ट कटाक्षानं पाळली होती. जिवंत उंदीर कधीच द्यायचा नाही. साप भुकेला नसेल तर उंदीर उलटतो. चेतनानं हे त्यांना सांगितलं होतं, एकदा नाही, अनेकदा.

वाहरू त्यांचा सालदार, वर डोंगरात अक्राणीकडचा, सालभर बागेवर राहायचा. उसाच्या बांधावर उंदरांचे सापळे तोच लावायचा. मंगलाबाईंनी त्याला एक मोठा, जिवंत आणायला सांगितलं. तो म्हणाला, "बाई, ताईला विचारलं का?" मंगलाबाई म्हणाल्या, "इचारं."

चेतना शाळेतून आली तेव्हा अंगणात रिकामा सापळा पडला होता. मागच्या खोलीतून आवाज येत होता, हळू, लहान पोराला भरवताना काढतात तसा. "खा रे बेटा. खा. आते तरी खा."

ती धावली. पेटीचं झाकण बंद होतं. चेंडू घट्ट गोळा झालेला होता, डोकं कुठंच दिसत नव्हतं, आणि त्या गोळ्यावर शेतातला उंदीर बसला होता. पुढचे दोन्ही पाय सापाच्या पाठीवर रोवून तो कुरतडत होता. त्याचं तोंड लाल झालं होतं. मंगलाबाई काचेला कपाळ लावून बसल्या होत्या. त्यांना धुरातून दिसत नव्हतं, की दिसूनही कळत नव्हतं, कोण जाणे. "खाई ऱ्हायना ना?" त्या म्हणाल्या. "खाई ऱ्हायना का वं?"

चेतनानं झाकण फेकलं आणि नुसत्या हातानं उंदराला धरलं. तो तिच्या अंगठ्याला कडकडून चावला. तिनं त्याला भिंतीवर आपटलं. मग चेंडूला दोन्ही हातांत उचललं. तो गोळा सुटलाच नाही. डाव्या कुशीला, मधोमध, मांस उघडं पडलं होतं.

मंगलाबाईंनी ती जखम पाहिली. भाग्येशला घरी आणलं तेव्हा त्यांनी चादर बाजूला करून बघितलं होतं, डाव्या कुशीला. त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारची रंजनाबाई भिंतीवरून डोकावली. "मी मारं त्याले," मंगलाबाई म्हणत होत्या, "मीच मारं. आते बी मीच मारं."

पुढचे चार-सहा तास चेतना कशी वागली ते तिला नंतर नीट आठवलं नाही. सरकारी दवाखान्यात जाऊन तिनं इंजेक्शन घेतलं. येऊन इंद्रसिंगला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं सुरतेच्या एका पशुवैद्याला जोडून घेतलं. जखम कशी धुवायची, कोणतं मलम लावायचं, कागद दिवसातून किती वेळा बदलायचा, डॉक्टरांनी सगळं सांगितलं. शेवटी इंद्रसिंगनं विचारलं, "वहिनी, तुमच्या मागे धूर कशाचा दिसतोय?"

"उदबत्ती आहे. आणि ऊद. आत्या रोज लावतात, ह्यांच्या फोटोसमोर."

इंद्रसिंग म्हणाला, "त्याच खोलीत? वहिनी, सापांना वास जिभेनं कळतो. एवढ्या धुरात त्याला समोर उंदीर आहे का दगड आहे काय कळणार? थंडी असेल, धूर असेल, दोन्ही असेल. पण आधी त्याला तिथून हलवा."

चेतनानं चेंडूची पेटी स्वतःच्या खोलीत आणली, ज्या खोलीत ती आणि भाग्येश झोपायचे तिथं. खिडकीखाली टेबलावर ठेवली. मंगलाबाईंना तिनं काहीही बोल लावला नाही. फक्त सांगितलं, "आत्या, धुरामुळे त्याला खाता येत नव्हतं. उदबत्ती देवघरात लावा."

मंगलाबाईंनी मान हलवली. भाग्येशचा फोटो त्यांनी स्वतः काढून आणला आणि पुढच्या खोलीत टांगला. नंतर कितीतरी दिवस त्या चेतनाच्या खोलीसमोरून जाताना भिंतीला चिकटून जात, आत न बघता.

जखमेवर खपली धरली. जुनी कात निघून नवी आली. हवा तापू लागली. एके दुपारी चेतनानं बटेर भिजवून कोरडी केली, चिमट्यात धरली आणि पेटीचं झाकण सरकवलं. चेंडूची जीभ बाहेर आली. पुन्हा आली. मान इंग्रजी एस अक्षरासारखी आखडली. पाठीमागे पावलं वाजली, पण ती वळली नाही. मंगलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

चेंडूनं झडप घातली. इतकी झटक्यात, की दोघी दचकल्या. त्यानं पक्ष्याला तीन वेढे घातले. मेलेलाच पक्षी, तरी तो आवळत राहिला, पिसांतून बारीक कटकट ऐकू येईपर्यंत. मग वेढे सैल झाले आणि तो डोकं शोधू लागला. जबडा दोन्हीकडून उघडत गेला, माणसाचं तोंड कधीच उघडणार नाही इतका. डोळे उघडेच होते. पापण्या नव्हत्याच. त्या डोळ्यांत ना भूक दिसत होती, ना समाधान, ना राग. बटेरीचे पंख आत गेले, मग पोट. शेवटी दोन बारीक पाय तोंडाबाहेर राहिले, आणि तेही गेले. गळ्यातला फुगवटा हळूहळू मागे सरकत राहिला.

मंगलाबाई हे सगळं शेवटपर्यंत बघत होत्या. तोंडावर पदर नव्हता.

"हाऊ भाग्येश नई शे," त्या म्हणाल्या.

"नाही, आत्या."

"हाऊ साप शे. नुसता साप."

"हो."

चेतनाला वाटलं, सुटल्या. पण मंगलाबाई दाराची चौकट धरून खाली बसल्या आणि तिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मंग तो कोठे शे वं?"

चेतना त्यांच्या शेजारी जमिनीवर बसली. मंगलाबाईंचा सगळा शोध इतके महिने त्या पेटीपाशी येऊन थांबला होता. आता त्यांना कुठं बघावं तेच कळत नव्हतं. दोन दिवस त्या घरभर फिरत होत्या, कपाटं उघडत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "माले तठे लई चाल. जठे तो पडना तठे."

त्या घाटात दोघींपैकी कुणीही तोवर गेलं नव्हतं. होळीच्या आधीचे दिवस होते. धडगावच्या जीपमध्ये काठी गावच्या होळीला निघालेली माणसं खच्चून भरली होती. कुणाच्या मांडीवर ढोल होता, कुणाच्या पिशवीतून मोरपिसं बाहेर आलेली. ड्रायव्हरला त्या वळणाचं सांगितलं तेव्हा त्यानं मागे वळून दोघींकडे पाहिलं आणि काही न विचारता नेमक्या जागी गाडी थांबवली.

जीप गेल्यावर तिथं काहीच उरलं नाही. एक वळण, नवीन सिमेंट लावलेला कठडा, खाली सागाची पानगळ झालेली दरी. मंगलाबाई कठड्यापाशी गेल्या आणि त्यांनी दरीत हाक मारली, संध्याकाळी जेवायला बोलावतात तशी. "भाग्येश! ए भाग्येश!"

हाक समोरच्या डोंगरावर आपटून परत आली. परत येताना ती बाईची वाटत नव्हती. चेतनानं मंगलाबाईंचा दंड धरला. त्यांनी बराच वेळ कान दिला. मग म्हणाल्या, "आठे बी नई शे."

वळणाच्या वरच्या अंगाला एक झोपडी होती, पुढं चहाची टपरी. तिथली बाई त्यांची हाक ऐकून रस्त्यावर आली होती. तिचं नाव कोकिळा. घरी पावरी बोलणारी, पण येणाऱ्या-जाणाऱ्यांशी तोडकंमोडकं मराठी चालवायची.

"सापवाला भाऊ तुमचा?" तिनं विचारलं.

चेतना म्हणाली, "तुम्ही ओळखत होता?"

"मीच फोन करायला लावला होता. माझ्या चुलीमागे नाग बसला होता. पोरगी घरात एकटी. भाऊ आला, धरला, खाली नाल्यात सोडला." तिनं हात पुसले. "मग इथूनच खाली गेला, आणि तसं झालं. आम्हीच धावलो आधी."

तो कुणाच्या घरून परतत होता, हे इतक्या महिन्यांत कुणी विचारलंच नव्हतं. दवाखान्याचे कागद झाले, पोलीस झाले, सगळे झाले, पण हा प्रश्न राहिला होता.

मंगलाबाई पुढं झाल्या. "तठून जावाना आधी... तुम्हना आठे... त्यानं काही खादं का?"

कोकिळेला त्यांचं बोलणं लगेच कळलं नाही. चेतनानं सांगितलं, "आई विचारताहेत, तो तुमच्याकडे काही जेवला का? घरून उपाशी निघाला होता."

"जेवला ना!" कोकिळा म्हणाली. मग तिनं मंगलाबाईंच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे पाहिलं आणि अडखळली. "आम्ही कोंबडी केली होती. जीव वाचवला ना पोरीचा. तो म्हणाला, घरी चालत नाही, पण वाढा."

चेतनाला वाटलं, आता काय होतंय. मंगलाबाई टपरीच्या बाकावर बसल्या.

"किती खादं?"

"दोन भाकरी. मक्याच्या."

"रस्सा?"

"दोनदा घेतला. तिखट आहे म्हणाला, डोळ्यांत पाणी आलं, तरी घेतला. पोरीला म्हणाला, तुझी माय चांगलं रांधते."

"पोटभर खादं?"

"बाई, पोटभर. खाटेवर आडवा झाला थोडा वेळ. मग हात धुऊन गेला."

मंगलाबाईंनी डोळे मिटले. खांदे हलू लागले. आधी आवाज नव्हता, मग आला, आणि एकदा आल्यावर थांबेना. इतक्या महिन्यांचं रडणं त्या रस्त्याच्या कडेला बसून रडल्या. कोकिळा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. जाणाऱ्या जीपा हळू होत होत्या आणि पुढं जात होत्या.

उन्हं कलल्यावर परतीची गाडी मिळाली. निघताना कोकिळेनं चहा पुढं केला. बाहेरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या मंगलाबाईंनी कप दोन्ही हातांत धरून सगळा प्यायला.

त्यानंतर त्या घरात माणसासारख्या वावरू लागल्या. दोन वेळा जेवू लागल्या. नथ्थूबापूंशी पपईच्या पाण्यावरून भांडल्या. सापांचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

चेंडू वाढला. चेतनानं त्याला पुन्हा मागच्या खोलीत हलवलं. आठवड्याला एकदा ती फ्रीजर उघडून काय द्यायचं ते ठरवते. मागच्या वेळी उंदीर दिला असेल तर आता पिल्लू, नाहीतर बटेर. चेंडू सगळं खातो. मिरचीही खाते. कुणाला काही अडचण नाही.

पण दुपारी त्या खोलीत आता फार शांत असतं. मंगलाबाई बोलायच्या तेव्हा चेतना ओट्यावर बसून त्यांच्या प्रश्नांमागची ती थोडी थांबलेली जागा ऐकत असायची. त्यांना वेड लागलंय असं तिला वाटायचं, आणि तरी त्या जागेत कुणीतरी आहे असंही वाटायचं. तिचं सगळं रडणं तिथं राहून गेलं होतं, उद्या रडू, परवा रडू म्हणत. आता पेटीसमोर उभं राहिलं की काचेत तिचं स्वतःचं तोंड दिसतं आणि त्यामागे चेंडू. तो खाऊन तृप्त असतो. कुणाची वाट बघत नसतो.

वैशाखातल्या एका दुपारी तिच्या हातून चिमटा खाली पडला. उचलायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. किती वेळ, तिला कळलं नाही. पत्रा तापून चटचट वाजत होता. मग अंगणात चपला वाजल्या. मंगलाबाई दाराशी आल्या, आत न येता उंबऱ्यावर बसल्या, पेट्यांकडे पाठ करून.

"तू कर तुन्हं काम," त्या म्हणाल्या. "मी बठस आठे."

चेतनानं चिमटा उचलला. डोळ्यांतलं पाणी हनुवटीवरून खाली ठिबकत होतं, आणि मंगलाबाई मागे वळून बघत नव्हत्या. त्या तशाच बसून राहिल्या, बाहेर उन्हात काहीतरी दिसत असल्यासारख्या.